दोन उपग्रह, भरवशाचा एकच त्वरणमापक: ग्रेस मोहिमेतलं एक प्रकरण

राजस्थान, हरयाणा, पंजाब आणि दिल्लीच्या पोटातलं पाणी ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या सहा वर्षांत सुमारे 109 घन किलोमीटरने घटलं, असा अंदाज 2009 साली प्रसिद्ध झाला. हा आकडा काढण्यासाठी एकाही विहिरीत टेप सोडावी लागली नव्हती. पृथ्वीभोवती एकामागे एक फिरणाऱ्या दोन उपग्रहांमधलं अंतर कसं कमी-जास्त होतंय, एवढ्यावरून तो निघाला होता. त्या मोहिमेचं नाव ग्रेस.

ग्रेसने काय शोधलं यावर मराठीत अधूनमधून लिहिलं जातं. ती मोजणी कशावर उभी आहे, आणि तो आधारच निकामी होऊ लागतो तेव्हा काय करतात, याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही. इथे मांडलेलं प्रकरण नेमकं तेच आहे. दोन उपग्रहांना मिळून भरवशाचा त्वरणमापक, म्हणजे गुरुत्व सोडून बाकी बलांचा परिणाम मोजणारं यंत्र, एकच उरला, अशी वेळ या मोहिमेवर 2016 मध्ये आली आणि 2018 मध्ये तिच्या वारसदार मोहिमेवर पुन्हा आली. व्यक्तींची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. यातला कुठलाच निर्णय एकट्याचा नव्हता.

पार्श्वभूमी

ग्रेसचे दोन्ही उपग्रह 17 मार्च 2002 रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून एकाच रॉकेटने वर गेले. नासा आणि जर्मनीची अवकाश संस्था डीएलआर यांची ही संयुक्त मोहीम. विज्ञानाची बाजू टेक्सास विद्यापीठ, जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आणि पॉट्सडॅमची जीएफझेड ही संस्था सांभाळत होत्या, तर उपग्रहांचं रोजचं नियंत्रण जर्मनीतून चालायचं. कक्षा जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवावर, सुरुवातीची उंची सुमारे 500 किलोमीटर, दोघांमधलं अंतर साधारण 220 किलोमीटर. आयुष्य पाच वर्षांचं धरलं होतं.

मोजणीचं तत्त्व सरळ आहे. वाटेत जमिनीखाली किंवा जमिनीवर जास्त वस्तुमान आलं, मग ते डोंगराचं असो, बर्फाचं असो वा पावसाने भरलेल्या खोऱ्याचं, की पुढचा उपग्रह त्याकडे आधी ओढला जातो आणि अंतर किंचित वाढतं. मागचा तिथे पोचला की तोही ओढला जातो आणि अंतर पुन्हा बदलतं. हा बदल मायक्रोनच्या हिशेबात मोजायला दोघांमध्ये सूक्ष्मलहरींचा दुवा होता. महिनाभराच्या अशा नोंदी एकत्र केल्या की पृथ्वीच्या गुरुत्वक्षेत्राचा त्या महिन्याचा नकाशा तयार होतो. एका महिन्याच्या नकाशातून दुसऱ्या महिन्याचा वजा केला की मधल्या काळात वस्तुमान कुठून कुठे गेलं ते दिसतं. डोंगर महिन्याभरात हलत नाहीत, त्यामुळे उरतं ते मुख्यतः पाणी आणि बर्फ.

पण उपग्रहाला फक्त गुरुत्वच ओढत नाही. 500 किलोमीटरवरही हवा अगदीच संपलेली नसते, तिचा रोध असतो. सूर्यप्रकाशाचा दाब असतो, पृथ्वीवरून परतणाऱ्या प्रकाशाचा दाब असतो. शिवाय उपग्रहाचं तोंड जोडीदाराकडे रोखून ठेवण्यासाठी नत्रवायूचे छोटे थ्रस्टर सतत फुरफुरत असतात. यातल्या प्रत्येक गोष्टीने अंतर बदलतं, आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राला ते कशामुळे बदललं हे कळायचा मार्ग नाही. म्हणून प्रत्येक उपग्रहात फ्रान्सच्या ओनेरा संस्थेने बनवलेला एकेक त्वरणमापक बसवलेला होता.

या प्रकरणातलं मुख्य पात्र तेच आहे, म्हणून ते जरा नीट पाहू. उपग्रहाच्या अगदी वस्तुमानकेंद्राशी एक छोटी पेटी. पेटीत धातूचा एक लहान चौकोनी ठोकळा, कुठेही न टेकता तरंगत असलेला. चारी बाजूंना, वर आणि खाली विद्युत्पट्ट्या. बाहेरच्या हवेने उपग्रहाला किंचित मागे लोटलं, तर आतल्या ठोकळ्याला ते कळत नाही. तो आपल्या गुरुत्वाच्या वाटेने पुढे जात राहतो, म्हणजे पेटीच्या हिशेबात तो पुढच्या भिंतीकडे सरकतो. पट्ट्यांवरचा विद्युत्दाब लगेच बदलतो आणि ठोकळा पुन्हा मधोमध आणला जातो. तो मधोमध ठेवायला किती विद्युत्दाब लागला, तीच मोजणी. त्यातून मिळतं ते गुरुत्व सोडून बाकी सगळ्या बलांचं त्वरण, तेही पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या शंभर अब्जांश भागाइतक्या बारकाईने. एकूण बदलातून हे वजा केलं की उरतं ते गुरुत्व.

म्हणजे गुरुत्वाचं मोजमाप हा वजाबाकीचा हिशेब आहे, आणि दोन्ही उपग्रहांची वजाबाकी वेगवेगळी करावी लागते. एकाची चुकली तर ती चूक थेट गुरुत्वाच्या नकाशात जाऊन बसते, आणि नकाशा वाचणाऱ्याला ती पाणी किंवा बर्फ म्हणून दिसते.

अडचण: थकलेली बॅटरी

पाच वर्षांसाठी पाठवलेले उपग्रह दहा वर्षं झाली तरी काम करत होते, पण बॅटऱ्या थकल्या होत्या. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो बॅटरीवर चालतो. कक्षेचं प्रतल सूर्याच्या मानाने हळूहळू फिरत असतं, त्यामुळे काही आठवडे सावली लागतच नाही आणि काही आठवडे प्रत्येक फेरीत अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागते. सावलीचा हा वाईट काळ साधारण साडेपाच महिन्यांनी परत येतो. 2011 पासून त्या काळात उपकरणं बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. त्यामुळे 2011 नंतरच्या मालिकेत ठरावीक अंतराने महिने गळालेले दिसतात. त्याच वर्षी तापमान स्थिर ठेवणारे हीटरही बंद केले गेले, आणि तापमानाला हळव्या असलेल्या त्वरणमापकाच्या नोंदींवर त्याचा परिणाम झाला.

2016 येईपर्यंत एवढंही पुरेना. दोघांपैकी ग्रेस-2 या उपग्रहाची बॅटरी जास्त खराब होती. दुसरीकडे वारसदार मोहीम, ग्रेस फॉलो-ऑन, अजून जमिनीवर होती. तिचे उपग्रह मुळात रशिया-युक्रेनच्या द्नेप्र रॉकेटने जायचे होते. तो पर्याय हातचा गेला आणि नवं वाहन शोधण्यात वेळ गेला. जुन्या उपग्रहांनी नवे वर पोचेपर्यंत टिकावं, दोन्ही जोड्या काही महिने एकाच वेळी वर असाव्यात आणि एकीच्या मोजणीवर दुसरी तपासून घेता यावी, हीच सगळ्यांची इच्छा होती.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तसंच चालू ठेवणं. दोन्ही त्वरणमापक चालू, मोजणी पूर्ण दर्जाची, पण पुढच्या सावलीत बॅटरी कोसळली तर उपग्रहच हातचा जाणार. दुसरा म्हणजे मोहीम तिथेच सन्मानाने थांबवणं. चौदा वर्षांची स्वच्छ मालिका हाती होती, ती संशयास्पद महिन्यांनी का गढूळ करायची, हा युक्तिवाद हलका नव्हे. मोजणीच्या क्षेत्रातल्या माणसाला तो पटकन पटतो.

तिसरा पर्याय थोडा धाडसी होता. ग्रेस-2 चा त्वरणमापक बंद करायचा, ती वीज वाचवायची, आणि त्याच्या जागी ग्रेस-1 ची मोजणी वापरायची. तांत्रिक मंडळी याला प्रत्यारोपण म्हणतात. दोघेही एकाच वाटेने जातात. मागचा उपग्रह पुढच्याच जागी येतो तो सुमारे 29 सेकंदांनंतर. एवढ्या वेळात वरच्या हवेची घनता फारशी बदलत नाही, सूर्यही हलत नाही. मग पुढच्याला जे जाणवलं तेच मागच्याला थोड्या वेळाने जाणवेल, असं धरता येतं.

बलांची गणिती प्रतिमानं वापरून दोन्ही त्वरणमापकांशिवाय काम भागवायचं, असा चौथा मार्गही कागदावर होता. पण वरच्या वातावरणाची घनता सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलते आणि प्रतिमानं तिथे बरीच चुकतात. एका खऱ्या मोजणीसमोर हा मार्ग टिकण्यासारखा नव्हता.

निर्णय

2016 च्या अखेरीस तिसरा पर्याय निवडला गेला. ग्रेस-2 चा त्वरणमापक कायमचा बंद झाला आणि त्यानंतरचे महिने एकाच त्वरणमापकावर काढले गेले.

या निर्णयाचं बळ कुठे होतं, ते माझ्या मते इथे पाहायला हवं. प्रत्यारोपण ही कल्पना म्हणून नवी नव्हती, पण ती किती चुकते हे ठरवायला साधन लागतं, आणि ते साधन या गटाकडे भरपूर होतं. 2002 पासून दोन्ही त्वरणमापक चालू असलेल्या काळातल्या नोंदी. एखादा जुना महिना घ्यायचा, ग्रेस-2 ची मोजणी नाहीच असं समजून ग्रेस-1 वरून ती तयार करायची, मग ठेवणीतली खरी मोजणी काढून दोन्ही शेजारी मांडायच्या. शांत सूर्याचा महिना, वादळी सूर्याचा महिना, सावलीचा, बिनसावलीचा, सगळ्यांवर हा प्रयोग करता येत होता. पद्धत कुठे खरी उतरते आणि कुठे घसरते, हे वापरण्याआधीच कळत होतं.

त्यातून दिसलं ते असं की प्रत्यारोपित महिने वापरण्याजोगे आहेत, पण दोन त्वरणमापकांच्या महिन्यांइतके चांगले नाहीत. नकाशात गोंगाट वाढतो. हे महिने बाकीच्यांसारखेच आहेत असं भासवून प्रसिद्ध न करता, त्यांची वेगळी नोंद ठेवून ते प्रसिद्ध केले गेले. हा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो.

जुन्या जोडीचा शेवट

तरीही नव्या जोडीपर्यंतचा पूल पूर्ण झाला नाही. शेवटचा मासिक नकाशा जून 2017 चा. 4 सप्टेंबर 2017 रोजी ग्रेस-2 च्या बॅटरीतला आणखी एक सेल गेला आणि संपर्क तुटला. चार दिवसांनी तो परत मिळवला गेला, आणखी एकदा मोजणी घेता यावी म्हणून प्रयत्न झाले. 12 ऑक्टोबरला स्पष्ट झालं की उरलेल्या बॅटरीवर वैज्ञानिक उपकरणं चालू शकत नाहीत. मोहीम संपल्याचं त्याच महिन्यात जाहीर झालं. ग्रेस-2 डिसेंबर 2017 मध्ये आणि ग्रेस-1 मार्च 2018 मध्ये वातावरणात जळून गेला.

इथे एक छोटा निर्णय नोंदवण्यासारखा आहे. जोडीदार गेल्यावर ग्रेस-1 एकटा गुरुत्व मोजू शकत नव्हता. तरी त्यात इंधन शिल्लक होतं. ते इंधन त्याच्या त्वरणमापकाचे गुणदोष नीट तपासण्याच्या हालचालींसाठी वापरायचं ठरलं. शेवटचे महिने सगळे याच एका यंत्रावर उभे होते, त्यामुळे त्याची ओळख जितकी पक्की, तितके ते महिने सुधारणार. मरणाऱ्या उपग्रहाकडून मागच्या पंधरा वर्षांचं काम सुधारून घेणं, याला मी दूरदृष्टी म्हणेन.

अडचण परत आली: 2018

ग्रेस फॉलो-ऑनची जोडी 22 मे 2018 रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून फाल्कन 9 रॉकेटने, पाच इरिडियम उपग्रहांच्या सोबतीने वर गेली. रचना जवळजवळ जुनीच, भर घातली होती ती लेझरने अंतर मोजणाऱ्या प्रायोगिक उपकरणाची. जूनच्या मध्याला लेझरचा दुवा जुळला आणि अंतराची मोजणी सूक्ष्मलहरींपेक्षा कितीतरी बारीक मिळू लागली.

त्याच जूनमध्ये, प्रक्षेपणाला महिना होत असताना, दुसऱ्या उपग्रहाच्या त्वरणमापकाचा गोंगाट वाढला. मोजणीत अचानक उड्या दिसू लागल्या. थ्रस्टर फुरफुरले की त्याला मिळणारा प्रतिसादही अपेक्षेसारखा येईना. यंत्र बंद पडलं नव्हतं, आकडे येत होते, पण त्यावर वजाबाकी करावी असे ते राहिले नव्हते.

हे कमी होतं म्हणून की काय, जुलैच्या मध्यानंतर त्याच उपग्रहावरचा मुख्य उपकरण संगणक बंद पडला. तिथे मात्र जोडीला राखीव संच होता. बिघाडाचं कारण तपासून, मूळ संच पुन्हा चालवण्याचा मोह टाळून, ऑक्टोबरमध्ये राखीव संचावर जायचं ठरलं आणि ते जमलं. मधले तीन महिने मोजणी बंद होती. ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा पश्चिम घाटावर आणि किनाऱ्यावर साठलेल्या त्या पाण्याचं वजन या उपग्रहांनी टिपलं असतं. ऑगस्ट आणि सप्टेंबरचे नकाशे मालिकेत नाहीत. तीन महिने वाट पाहण्याची किंमत आपल्याकडे अशी जाणवते. तरी घाई करून दुसरा संचही गमावला असता तर मोहीमच संपली असती, त्यामुळे ती सबुरी मला योग्य वाटते.

त्वरणमापकाला राखीव नव्हता. आणि नव्या लेझरचाही इथे उपयोग नव्हता. लेझर अंतर कितीही बारीक मोजो, तो बदल हवेने झाला की गुरुत्वाने, हे त्याला सांगता येत नाही.

पर्याय तेच, परिस्थिती वेगळी

कच्च्या, गोंगाटाच्या आकड्यांवरच काम करायचं, प्रतिमानांवर विसंबायचं, की प्रत्यारोपण करायचं? दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न सोडवलेला असल्यामुळे उत्तराला वेळ लागला नाही. 2016 मध्ये बॅटरी वाचवण्यासाठी जी पद्धत घडवली, ती 2018 मध्ये तयार होती. पण एक मोठा फरक होता. जुन्या जोडीकडे तपासणीसाठी चौदा वर्षांच्या दुहेरी नोंदी होत्या. नव्या जोडीकडे दोन्ही यंत्रं ठीक असल्याचा काळ जेमतेम महिनाभराचा, तोही चाचण्यांच्या गडबडीतला. म्हणजे पद्धतीवरचा विश्वास बऱ्याच अंशी उसना होता.

प्रत्यारोपण नक्की कसं होतं ते एका फेरीपुरतं पाहू. समजा दोघे कन्याकुमारीवरून उत्तरेकडे निघालेत. हिमालयापर्यंत पोचायला त्यांना साधारण सहा मिनिटं लागतात. पुढच्याची सहा मिनिटांची मोजणी आपल्याकडे आहे. आधी ती सुमारे अर्धा मिनिट सरकवायची, म्हणजे दोघांची जागा जुळेल. मग दिशा. दोन्ही उपग्रह एकमेकांकडे तोंड करून उडतात, म्हणजे एक जण कायम उलट्या तोंडाने प्रवास करतो. त्यामुळे पुढे-मागे आणि डावी-उजवी या दोन्ही अक्षांची चिन्हं उलटतात. शिवाय जोडीदाराकडे नेम धरण्यासाठी प्रत्येक जण क्षितिजाच्या रेषेपासून सुमारे एक अंश कललेला असतो, तोही एकमेकांच्या विरुद्ध. उलट बाजूने वारा अंगावर घेणाऱ्या उपग्रहाला रोध अगदी तितकाच जाणवत नाही, कारण पुढचा आणि मागचा चेहरा सारखा नाही.

यापुढचा भाग सर्वांत कटकटीचा: थ्रस्टर. हवा आणि सूर्यप्रकाश दोघांना सामाईक आहेत, पण थ्रस्टर ज्याचे त्याचे. पुढच्याने आपला कल सावरायला जो फुरका मारला, त्याचा ठसा त्याच्या मोजणीत आहे, आणि तो मागच्याच्या खात्यात जाता कामा नये. म्हणून ते ठसे आधी पुसायचे. मग मागच्याचे थ्रस्टर कधी आणि किती वेळ उघडले याच्या नोंदीवरून त्याचे स्वतःचे धक्के गणिताने तयार करून भरायचे. दिवसाला असे शेकडो धक्के असतात, आणि प्रत्येक थ्रस्टरचा स्वभाव थोडा वेगळा असतो. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत आणि ऑस्ट्रियातल्या ग्रात्स तांत्रिक विद्यापीठात यावर स्वतंत्रपणे काम झालं. एकाच अडचणीवर दोन गटांनी वेगवेगळी उत्तरं काढली आणि ती एकमेकांशी ताडून पाहता आली, हे मोहिमेचं भाग्य.

कुठे दुखतं हे शोधणं

उसनी मोजणी वापरली की चूक कुठेतरी राहणार हे गृहीतच होतं. प्रश्न होता ती नकाशात कुठे जाऊन बसते हा. सगळीकडे सारखी पसरली तर ती गोंगाट म्हणून ओळखू येते. एकाच जागी साचली तर मात्र ती खऱ्या बदलाचं सोंग घेते.

पृथ्वीचं गुरुत्वक्षेत्र लिहिताना मोठ्यापासून बारीक आकारांपर्यंत गुणांकांची मालिका वापरतात. त्यातला एक पृथ्वीच्या चपटेपणाचा. तो ग्रेसला कधीच नीट मोजता आला नव्हता आणि सुरुवातीपासून दुसऱ्या मार्गाने घेतला जात होता. दुसरा गुणांक उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतला असमतोल सांगतो. एका त्वरणमापकाच्या महिन्यांत हा दुसरा गुणांक बिघडतो, असं लक्षात आलं. आता हा असमतोल सर्वांत जास्त कशाशी निगडित आहे? दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाशी. म्हणजे बिघडलेला गुणांक तसाच ठेवला तर अंटार्क्टिकाचं बर्फ किती वितळलं, याच उत्तरात चूक होणार. समुद्रपातळीचे अंदाज त्या उत्तरावर उभे असतात.

उपाय जुनाच, पण भरवशाचा निघाला. 1976 साली सोडलेला लॅजिऑस हा 60 सेंटीमीटर व्यासाचा जड गोळा, अंगभर 426 परावर्तक, आत एकही यंत्र नाही. जमिनीवरून लेझर मारायचा, परत यायला लागलेला वेळ मोजायचा, कक्षा काढायची. असे आणखी काही गोळे आहेत. 2012 मध्ये सोडलेल्या लॅरेस या गोळ्यामुळे असमतोलाचा गुणांक बाकीच्यांपासून वेगळा काढणं शक्य झालं. त्यांच्या कक्षांवरून बारीक नकाशा मिळत नाही, पण मोठे आकार चांगले मिळतात. ग्रेसच्या शेवटच्या महिन्यांत आणि ग्रेस फॉलो-ऑनच्या सगळ्या महिन्यांत हा गुणांक काढून टाकून त्या जागी गोळ्यांवरून काढलेला भरायचा, अशी शिफारस झाली आणि त्याचे आकडे मोहिमेकडून मासिक नकाशांच्या सोबत दिले जाऊ लागले.

निष्पत्ती

पडताळणीची संधी लवकरच आली. 2019 च्या उन्हाळ्यात ग्रीनलंडवर विलक्षण वितळण झाली आणि ग्रेस फॉलो-ऑनने सुमारे 600 अब्ज टन बर्फ गेल्याचं मोजलं, म्हणजे जगाच्या समुद्रपातळीत दीड मिलिमीटरहून अधिक भर. जुन्या आणि नव्या मोहिमेची ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरची मालिका स्वतंत्र मार्गाने काढलेल्या बर्फाच्या जमाखर्चाशी ताडून पाहिली गेली, तेव्हा मधल्या अकरा महिन्यांच्या खिंडीच्या दोन्ही बाजू एकमेकींशी जुळल्या. उसन्या मोजणीवर उभी असूनही मालिका तुटली नव्हती.

म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. जुलै 2017 ते मे 2018 ही अकरा महिन्यांची खिंड कायमची राहिली. युरोपच्या स्वार्म उपग्रहांवरून आणि लेझर-गोळ्यांवरून ती अंदाजाने भरता येते, पण ठिपक्यांची रेषा ती ठिपक्यांचीच. भारतापुरतं बोलायचं तर 2017 चा मान्सून त्यात गेला. आणि सूर्याची सक्रियता वाढली की वरची हवा फुगते, रोध वाढतो, तो झपाट्याने बदलतो आणि प्रत्यारोपणाची चूकही वाढते. 2018 मध्ये सूर्य शांत होता, ही अनुकूलता पुढे राहणार नव्हती. त्यामुळे पद्धत सुधारत न्यावी लागली, आणि नंतरच्या आवृत्तीत दुसऱ्या उपग्रहाच्या स्वतःच्या मोजणीतला वापरण्याजोगा भाग परत घेऊन संमिश्र नोंदी तयार केल्या गेल्या. बिघडलेलं यंत्र 2018 मध्ये बंद न करता चालू ठेवलं, म्हणूनच हे शक्य झालं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं सुचतं ते राखीव त्वरणमापक. संगणकाला होता, याला का नाही? कारण हे यंत्र उपग्रहाच्या वस्तुमानकेंद्राशीच असावं लागतं. केंद्रापासून ढळलं की उपग्रहाच्या फिरण्याचं त्वरण आणि गुरुत्वाचा उतार त्याच्या मोजणीत मिसळतो. केंद्र एकच, जागा एकच. म्हणून तो निर्णय निष्काळजीपणाचा म्हणता येत नाही. तरीही मला वाटतं की केंद्रापासून थोडं दूर ठेवलेलं, कमी दर्जाचं दुसरं यंत्रसुद्धा प्रत्यारोपण तपासायला उपयोगी पडलं असतं. युरोपच्या गोसे उपग्रहात तर केंद्राभोवती सहा त्वरणमापक होते. त्यांचा हेतू निराळा होता, पण केंद्राबाहेरचं यंत्र निरुपयोगी नसतं हे त्यावरून दिसतं.

दुसरं, वेळ. ग्रेसचं ठरलेलं आयुष्य 2007 मध्येच संपलं होतं. वारसदार वर गेला 2018 मध्ये. बॅटरी वाचवण्याची प्रत्येक युक्ती, सावलीतले बंद आठवडे, हीटर बंद करणं, शेवटी त्वरणमापकच बंद करणं, ही सगळी उशिराची भरपाई होती. दोन्ही जोड्या सहा महिने जरी एकत्र उडाल्या असत्या, तरी नव्या जोडीचा आजारी त्वरणमापक जुन्या जोडीवरून तपासता आला असता आणि उसन्या विश्वासाची गरज पडली नसती. या चुकीची जबाबदारी उपग्रह चालवणाऱ्यांवर टाकता येत नाही. ती निधी आणि प्रक्षेपणाचे निर्णय ज्या पातळीवर होतात तिथली आहे.

तिसरं, वापरणाऱ्यांशी बोलणं. मोहिमेने कमकुवत महिने, बदलायचे गुणांक, नव्या आवृत्त्या हे सगळं लिहून ठेवलं. पण तयार नकाशे उतरवून घेणाऱ्या कितीतरी जणांपर्यंत ते पोचत नाही. आपल्याकडे भूजलावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तरी हे पाहायलाच हवं. 2011 नंतरच्या गळालेल्या महिन्यांतून सरळ रेष ओढू नये. 2016 च्या अखेरीपासूनचे महिने वेगळ्या वजनाने घ्यावेत. गुणांक बदललेले आहेत की नाहीत ते उतरवून घेतलेल्या संचाच्या माहितीपत्रात तपासावं. आणि या नकाशांचा तपशील साधारण 300 किलोमीटरचा आहे हे विसरू नये. गंगेच्या मैदानावर किंवा पंजाब-हरयाणाच्या सलग पट्ट्यावर तो चालतो. महाराष्ट्राचं एकूण चित्र त्यातून मिळतं, पण लातूर किंवा बीडचा वेगळा आकडा त्यातून काढणं म्हणजे उपग्रहाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं आहे. त्यात आपला बसॉल्ट खडक पाणी धरतो ते भेगांत आणि मुरमात, थोडंसंच; गाळाच्या प्रदेशात उठतो तसा ठळक संकेत इथे येत नाही. तालुक्याच्या पाणीपातळीसाठी निरीक्षण विहिरीच लागतात.

नासा आणि डीएलआर यांनी पुढची जोडी ग्रेस-सी या नावाने आखली आहे. प्रक्षेपण 2028 किंवा त्यानंतर, आणि अंतर मोजण्याचं मुख्य काम आता लेझरकडे. ग्रेस फॉलो-ऑन तोपर्यंत चालू राहिली, तर 2017 मध्ये हुकलेली एकत्र उड्डाणाची संधी या वेळी मिळेल.